भूमीचे मोजमाप शिकवणारे आचार्य : प्रा. रामदेव मिश्र

एनसीईआरटीचे बारावीचे जीवशास्त्र अभ्यासलेल्यांना परिस्थितिकी विभागाच्या आरंभी येणारा प्रा. रामदेव मिश्र यांचा परिचय आठवत असेल. भारतातील परिस्थितिकीचे जनक म्हणून त्यांना मान मिळाला. हा विषय केवळ पुस्तकातून नव्हे, तर जमिनीवर उभे राहून शिकवायचा असतो, हे त्यांनी विद्यापीठांना दाखवून दिले.

२६ ऑगस्ट १९०८ रोजी जन्मलेल्या मिश्र यांनी इंग्लंडच्या लीड्स विद्यापीठात प्रा. पिअरसॉल यांच्या मार्गदर्शनाखाली १९३७ मध्ये डॉक्टरेट मिळवली. इंग्लंडच्या सरोवर प्रदेशातील जलवनस्पती हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. तळाचा गाळ कसा आहे, यावर तेथे कोणती वनस्पती रुजेल हे कसे अवलंबून असते, याचा त्यांनी शोध घेतला.

मात्र इंग्लंडच्या थंड सरोवरांचे ज्ञान भारतात जसेच्या तसे लागू पडणारे नव्हते. येथे वर्षातील बहुतेक पाऊस काही महिन्यांतच कोसळतो; गवत झपाट्याने वाढते आणि उन्हाळ्यात करपून जाते. विदेशी पुस्तकांतील उदाहरणांवर विसंबून येथील रान समजणार नाही, हे ओळखून मिश्र यांनी उष्ण कटिबंधातील वने आणि गवताळ प्रदेश हेच आपले अभ्यासक्षेत्र मानले.

१९४६ मध्ये स्थापन झालेल्या सागर विद्यापीठात त्यांनी काही वर्षे अध्यापन केले. जी. एस. पुरी यांच्यासमवेत लिहिलेली त्यांची वनस्पती-परिस्थितिकीची मार्गदर्शिका १९५४ मध्ये प्रसिद्ध झाली. पुढे बनारस हिंदू विद्यापीठातील त्यांचा विभाग या विषयाचे देशातील प्रमुख केंद्र बनला. परिस्थितिकीचा भारतातील पहिला पदव्युत्तर अभ्यासक्रम त्यांनीच आखला आणि १९६८ मध्ये प्रात्यक्षिकांसाठी कार्यपुस्तिकाही सिद्ध केली.

या प्रात्यक्षिकांची रीत साधी, पण कष्टाची आहे. गवताळ भागात ठरावीक मापाची चौकट ठेवायची, आतील वनस्पतींची नोंद करायची, गवत कापून वाळवायचे आणि त्याचे वजन करायचे. महिन्यामागून महिने हेच केल्यावर ती भूमी किती निर्माण करते, किती गमावते, हे आकड्यांत मांडता येते. निसर्गाविषयीची आस्था अशा रीतीने पुराव्याच्या पायावर उभी राहते.

त्यांच्या मार्गदर्शनाखाली ५० हून अधिक संशोधकांनी डॉक्टरेट मिळवली. हे विद्यार्थी देशभरातील विद्यापीठांत आणि संशोधन संस्थांत गेले व तेथे त्यांनी या विषयाच्या अध्यापनाचा पाया घातला. केंद्र सरकारने १९७२ मध्ये पर्यावरण नियोजन व समन्वयाची राष्ट्रीय समिती नेमली, त्यामागेही मिश्र यांचे प्रयत्न होते. पुढे स्थापन झालेल्या पर्यावरण मंत्रालयाची वाट या समितीनेच मोकळी केली. १९९८ मध्ये मिश्र यांचे निधन झाले.

आज उपग्रहांच्या प्रतिमांवरून वनांचे आच्छादन आणि त्यांतील बदल टिपले जातात. सुदूर संवेदन हा विद्यापीठांतून शिकवला जाणारा विषय झाला आहे. परंतु प्रतिमेतील हिरवा ठिपका जुने जंगल आहे की लागवड, हे पडताळण्यासाठी कोणाला तरी त्या जागी जाऊन झाडे ओळखावी आणि मोजावी लागतात. ते कौशल्य असलेल्या माणसांची परंपरा या देशात निर्माण करणे, हेच मिश्र यांचे खरे जीवनकार्य होय.