गंधाचा रेणू शोधणारे अडॉल्फ बुटेनांट

फुजैरा : हजर पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या खजुराच्या बागांचा मोठा वैरी म्हणजे लाल सोंड्या भुंगा. कोकणातील नारळ बागायतदारांना तो जुना परिचित. आखातात तो १९८०च्या दशकात पोहोचला. त्याची अळी खोड आतून पोखरते आणि रोग ध्यानात येईतो झाड बहुधा हातचे गेलेले असते. म्हणून बागांत कामगंध सापळे टांगून भुंग्यालाच बोलावले जाते. या विद्येचा पाया घातला तो जर्मन रसायनशास्त्रज्ञ अडॉल्फ बुटेनांट यांनी.

२४ मार्च १९०३ रोजी ब्रेमरहाफेनजवळील लेहे येथे त्यांचा जन्म झाला. ग्योटिंगेन येथे आडोल्फ विंडाउस यांच्या हाताखाली ते तयार झाले. १९२९मध्ये त्यांनी इस्ट्रोन हे स्त्री-संप्रेरक शुद्ध रूपात वेगळे केले. १९३९चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना लिओपोल्ड रुझिच्का यांच्यासह जाहीर झाले. परंतु हिटलरच्या राजवटीने ते स्वीकारू दिले नाही. पदक व मानपत्र हाती आले ते १९४९मध्ये. तथापि, १९३६मध्ये ते स्वतः नाझी पक्षाचे सदस्य झाले होते, हेही त्यांच्या चरित्रातून वगळता येत नाही.

त्यांचे सर्वांत चिकाटीचे काम मात्र रेशीमपतंगावरचे. मादी कोणत्या द्रव्याने नराला खेचून घेते, या प्रश्नामागे ते सुमारे वीस वर्षे होते. जवळपास पाच लाख माद्यांच्या ग्रंथींतून हाती लागले ते अवघे काही मिलिग्रॅम द्रव्य. नराची पंखफडफड हीच त्यांची कसोटी. १९५९मध्ये त्यांनी ‘बॉम्बिकॉल’ जाहीर केले. सोळा कार्बनांच्या या साखळीत दोन दुहेरी बंध असून त्यांच्या मांडणीनुसार चार रूपे संभवतात. अणू तेच, संख्या तीच. तरी नैसर्गिक रूपाइतका प्रभाव इतर तिघांत नव्हता. गंधाची ओळख रेणूच्या आकारात दडलेली आहे, हे त्यातून उघड झाले.

१९६० ते १९७२ या काळात मॅक्स प्लांक सोसायटीचे अध्यक्षपद भूषवून १८ जानेवारी १९९५ रोजी म्युनिक येथे ते निवर्तले. त्याआधी दोनच वर्षे, १९९३मध्ये, सोंड्या भुंग्याचा गंधरेणू फेरुजिनिऑल उलगडला होता. तो नर सोडतो आणि नर-मादी दोघेही त्याकडे येतात. त्याच्याही चार रूपांपैकी एकच भुंग्याला साद घालते. फुजैऱ्याच्या बागेतील सापळा आजही त्याच नियमावर चालतो.