खाँसाहेब अब्दुल करीमखाँ

किराणा घराण्याचे थोर गायक अब्दुल करीमखाँ यांचा जन्म १८७२ साली उत्तर प्रदेशातील कैराना गावी झाला. मिरजेस त्यांनी दीर्घकाळ वास्तव्य केले, तर १९१३ साली पुण्यास आर्य संगीत विद्यालय स्थापिले. त्यांची मैफल तासन् तास रंगे. पण त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूस अवघी तीन-साडेतीन मिनिटेच मावत. तेवढ्या अवधीतही ते रागाचे रूप डोळ्यांपुढे उभे करीत. अशीच मुद्रित झालेली त्यांची एक ठुमरी गदगच्या बालक भीमसेन जोशींच्या कानी पडली. त्या स्वरांच्या ओढीने १९३३ साली ते गुरूच्या शोधार्थ घराबाहेर पडले. १९३७ साली दक्षिणेच्या प्रवासात, एका रेल्वेस्थानकावर प्रार्थनेचे स्वर आळवीत खाँसाहेबांनी देह ठेवला. त्यांच्या मैफली संपल्या. तबकड्यांतील स्वर मात्र आजही ऐकावयास मिळतात.