डॉ. कोटणीस : सोलापूरच्या उन्हातून चीनच्या बर्फात

सोलापूरकरांच्या पायांना चटक्यांची सवय असते. मार्च उलटला की डांबर तापते; थंडी येते ती शालीपुरती. या गावात १० ऑक्टोबर १९१० रोजी जन्मलेल्या द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांनी आयुष्याची अखेरची वर्षे मात्र अशा मुलखात काढली, जेथे हिवाळ्यात नद्या गोठतात आणि वाटसरूची पहिली चिंता त्याच्या पावलांची असते.

मुंबईच्या सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झालेले कोटणीस १९३८ मध्ये काँग्रेसने धाडलेल्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले. जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या देशाला भारताने केलेली ती मदत होती. डॉ. अटल, डॉ. चोळकर, डॉ. बसू आणि डॉ. मुखर्जी हे त्यांचे सहकारी. फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक येनानला पोहोचले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस कोटणीस आघाडीकडे निघाले. तेथून पुढे घोडा मिळाला तर घोड्यावर, एरवी डोंगरवाटांनी पायी, असा त्यांचा प्रवास होता. वाटेत जपानी नाकेबंदी असल्याने तो बहुधा रात्रीच करावा लागे.

आठव्या मार्ग सेनेकडे कातडी बुटांची चैन नव्हती. खेड्यांतील स्त्रिया जुन्या कापडाचे थर खळीने चिकटवीत, तागाच्या दोऱ्याने दाट टाके घालीत आणि जाड तळव्याचे जोडे सैन्यासाठी शिवीत. खळ आणि सूत या गोष्टी मागांच्या गावातून आलेल्या माणसाला परक्या नव्हत्या. हे जोडे हलके आणि कोरड्या थंडीत उबदार. ओल लागली की मात्र निकामी. कापूस ऊब धरतो तो तंतूंत अडकलेल्या हवेमुळे. तेथे पाणी शिरले की हवेच्या सुमारे २५ पट वेगाने उष्णता निघून जाते. ओला ओढा ओलांडून तसेच चालत राहणे म्हणूनच बर्फापेक्षाही घातक. पहिल्या महायुद्धात खंदकांच्या चिखलात सैनिकांचे पाय सडले, ते तापमान गोठणबिंदूच्या वर असतानाही.

त्यामुळे मुक्कामाचे काही नियम या सेनेने रूढ केले होते. रात्री गरम पाण्यात पाय शेकायचे, फोड सुईने फोडायचे, आणि खाली विस्तव असलेल्या विटांच्या ओट्यावर, म्हणजे ‘कांग’वर, रात्र काढायची. पिंढरीला कापडी पट्टी गुंडाळत. ती फार आवळली तर रक्त अडते आणि पाय अधिकच गारठतो. बधिर पाऊल थेट जाळाजवळ नेऊ नये, बर्फाने चोळू नये, कोमट पाण्यात ऊब द्यावी, असे आजचे वैद्यक सांगते. शिकारीला किंवा गिर्यारोहणाला जाणाऱ्यांनाही हेच लागू आहे.

जखमींच्या दृष्टीने हा प्रश्न जिवाचा होता. रक्त गेलेला माणूस लवकर गारठतो, आणि स्ट्रेचर वाहणारा घसरला तर दोघेही दरीत. १९४० च्या मोठ्या मोहिमेत कोटणीसांनी आघाडीलगत शेकडो जखमींवर उपचार केले. जानेवारी १९४१ मध्ये ते डॉ. नॉर्मन बेथून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे संचालक झाले. रुग्णालय कसले, शत्रू आला की पाठीवर घेऊन हलवायचा संसारच तो! त्याच वर्षी शुश्रूषेच्या शिक्षिका क्वो छिंग-लान यांच्याशी त्यांचा विवाह झाला. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. भारत आणि चीन या दोन्ही देशांच्या चिनी नावांतून त्याचे नाव ठेवले, यिनहुआ.

थंडीपासून पाय राखता आले, देह मात्र झिजत गेला. अपस्माराचे झटके येऊ लागले होते. उपचारासाठी आघाडी सोडण्याचा सल्ला त्यांनी मानला नाही. ९ डिसेंबर १९४२ रोजी, ऐन हिवाळ्यात, वयाच्या ३२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. मुलगा तेव्हा चार महिन्यांचाही नव्हता.

व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये त्यांच्यावर चित्रपट काढला. चीनमध्ये शिच्याच्वांग येथील हुतात्मा स्मशानभूमीत त्यांची समाधी आहे, तर सोलापुरात भैय्या चौकात स्मारक.