कर्मवीर भाऊराव पाटील आणि त्यांचे वसतिगृह

ज्ञातीच्या स्मरणिकेत ज्ञातीतील थोर पुरुषांची चरित्रे यावीत, हा प्रघात आम्हांस ठाऊक आहे. तरीही यंदा लेखाची विचारणा झाली तेव्हा आम्ही ज्ञातीबाहेरील एका पुरुषाचे चरित्र निवडले. त्याचे कारण वाचकांस ओघाने कळेलच.

भाऊराव पायगोंडा पाटील यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर भागातील कुंभोज या गावी एका दिगंबर जैन कुटुंबात झाला. शिक्षणासाठी ते कोल्हापुरास आले व तेथील जैन वसतिगृहात राहू लागले. त्या काळच्या कोल्हापुरात ज्ञातिनिहाय वसतिगृहांची परंपरा छत्रपती शाहू महाराजांनी घातली होती. महाराजांनी १८९६ साली सर्व जातींसाठी एकच वसतिगृह काढून पाहिले होते. पण त्यात ब्राह्मणेतर मुले येऊन टिकेनात. तेव्हा ज्या त्या ज्ञातीने आपल्या मुलांची सोय करावी, या विचाराने १९०१ पासून निरनिराळी वसतिगृहे उभी राहिली. त्यांचे उपकार कोणी नाकारू नयेत. खेड्यातील पोराला शहरात भाकरी व निवारा मिळाला, तो या वसतिगृहांमुळेच.

परंतु त्याच व्यवस्थेची दुसरी बाजू भाऊरावांच्या वाट्यास आली. १९०८ च्या सुमारास अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. त्याच्या समारंभास भाऊराव गेले. परत आल्यावर स्नान करून शुद्ध व्हावे, अशी त्यांस आज्ञा झाली. त्यांनी ती मानली नाही आणि त्यांस वसतिगृह सोडावे लागले. वसतिगृहाची सूत्रे तेव्हा अण्णासाहेब लठ्ठे यांच्या हाती होती. पुढे १९१४ साली कोल्हापुरात पुतळ्यास डांबर फासल्याचे प्रकरण उद्भवले आणि याच लठ्ठ्यांविरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांवर दडपण आणण्यात आले. त्यांनी छळ व तुरुंग सोसला, पण साक्ष दिली नाही. ज्याने घराबाहेर काढले त्याच्यासाठी हे सोसणारा मनुष्य केवळ रागावर संस्था उभारणारा नव्हता, एवढे यावरून ध्यानात यावे.

अभ्यासात त्यांची गती बेताचीच होती. मॅट्रिकची परीक्षा ते उत्तीर्ण झाले नाहीत. अशा मुलास ‘ढ’ म्हणून मोकळे होण्याची आपल्या शाळांतून रीत आहे! चरितार्थासाठी त्यांनी शिकवण्या केल्या, किर्लोस्करांचे नांगर विकीत गावोगाव फिरले. या भटकंतीतच त्यांनी रयतेची दैना पाहिली. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी, विजयादशमीस, कराड तालुक्यातील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९२४ साली तिचे ठाणे साताऱ्यास हलविले.

साताऱ्याच्या वसतिगृहात महार, मांग, मराठा, जैन, मुसलमान अशी सर्व मुले एकत्र राहत. दळणकांडण, स्वयंपाक, पाणी भरणे, शेतात राबणे ही कामे पाळीपाळीने सर्वांनाच करावी लागत. चूल एक आणि पंगतही एक. आमच्या मते या वसतिगृहाचे मर्म व्याख्यानांत नव्हते, या पाळीत होते. ज्याच्या हातची भाकरी आपण आज खाल्ली, त्याला उद्या हीन लेखणे मुलाला जड जाते; आणि ज्याची भाकरी सर्वांनी खाल्ली, तो पोर मान खाली घालून कोपऱ्यात बसत नाही. गरीब मुलास फी माफ करता येते. पण आपण येथे नकोसे आहोत, ही त्याच्या मनातील खंत कोणत्याही माफीने जात नाही. आम्ही आयुष्यभर वर्गात उभे राहिलो आहोत. गैरहजर मुलांपैकी कित्येक या खंतीपायीच गैरहजर असतात, असा आमचा अनुभव आहे.

या कामात त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांचा वाटा फार मोठा. त्या सोवळ्या वळणाच्या घरातून आलेल्या. विटाळ मनातून काढणे त्यांस आरंभी सोपे गेले नसणार. तरी घरापासून दूर आलेल्या पोरांचे दुखणेखुपणे त्यांनी आईच्या मायेने पाहिले. वसतिगृहात धान्य संपले तेव्हा अंगावरचे दागिने, अखेर मंगळसूत्रही, मोडून त्यांनी मुलांच्या मुखी घास घातला. १९३० साली त्या वारल्या. चरित्रकार त्यांना दोन परिच्छेदांत आटोपतात, आणि पाहा, आम्हीही तेच करीत आहोत!

१९२७ साली महात्मा गांधींनी या वसतिगृहास भेट दिली. छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस हे नाव त्यांच्या हस्ते रूढ झाले. १९३२ साली पुण्यात युनियन बोर्डिंग, १९३५ साली साताऱ्यास अध्यापक विद्यालय, १९४० साली महाराजा सयाजीराव हायस्कूल, १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज असा व्याप वाढत गेला. ‘कमवा व शिका’ या योजनेने श्रम करून शिकणाऱ्यास ताठ मानेने शिकता आले. १९४८ साली सरकारी अनुदान बंद झाले, तेही दिवस संस्थेने काढले.

आता मूळ कारण सांगतो. आपल्या मंडळाच्या वसतिगृहात रिकाम्या राहणाऱ्या खाटा अन्य ज्ञातींच्या गरजू मुलांस द्याव्यात की नाही, हा प्रश्न सभेपुढे आहे. वर्गणी आपली, मग मुले दुसऱ्यांची का, असे काही ज्येष्ठ बांधव विचारतात. प्रश्न रास्त आहे. वर्गणीदाराने तो विचारलाच पाहिजे. मात्र आपल्या मुलांना पुढे ज्या कचेरीत, ज्या कारखान्यात जायचे आहे, तेथे एकट्या आपल्या ज्ञातीची पंगत बसणार नाही. तेव्हा बाहेरची मुले आत आली तर लाभ त्यांच्याइतकाच आपल्या मुलांचाही आहे, असे आमचे मत आहे व सभेत आम्ही तसेच बोलणार आहोत.

१९५९ साली भारत सरकारने भाऊरावांस पद्मभूषण दिले आणि पुणे विद्यापीठाने एप्रिलमध्ये डी. लिट. ही पदवी अर्पण केली. मॅट्रिक न झालेल्या त्या वृद्धास ती पाहण्यास महिनाभराचाच अवधी लाभला. ९ मे १९५९ रोजी पुण्यात त्यांचे देहावसान झाले. त्यांची समाधी साताऱ्यास आहे.