जॉर्ज मायकन : चाचणीत नापास झालेला उंच मुलगा

१९४० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील इंडियाना राज्यातल्या नोटर डेम विद्यापीठाच्या बास्केटबॉल मैदानावर एका तरुणाची चाचणी झाली. तो इतका उंच होता की दारातून आत येताना त्याला मान लववावी लागे. डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा, खांदे किंचित वाकलेले, आणि चालण्यात काहीसा अवघडलेपणा. त्याच्या एका पायाचे हाड तेव्हा दुखावलेले होते. वेगवान धावपळ आणि झटपट पास यांवर उभा असलेला खेळ त्याला काही केल्या जमेना. चेंडू हातांतून निसटत होता, वळताना पाय अडखळत होते. प्रशिक्षक जॉर्ज कीओगन हे त्या काळचे नामांकित गुरू. मुलाला त्यांनी फार काळ तिष्ठत ठेवले नाही. तू फारच बोजड आहेस, आपल्या जुन्या महाविद्यालयात परत जा आणि अभ्यासात लक्ष घाल, अशा आशयाचा सल्ला देऊन त्यांनी त्याची बोळवण केली.

तो तरुण म्हणजे जॉर्ज मायकन. पुढे अवघ्या आठ-नऊ वर्षांत, १९५० साली, असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने घेतलेल्या कौलात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील सर्वश्रेष्ठ बास्केटबॉलपटू म्हणून त्याचीच निवड झाली.

ही कथा सांगताना कीओगन यांना मूर्ख ठरविण्याचा मोह अनेकांना होतो. तो आवरलेला बरा. शाळेतून बाहेर पडलेल्या उंच मुलाची महाविद्यालयीन संघासाठी पारख करणे हे काम आजही अवघड आहे आणि तेव्हा तर ते अधिकच अवघड होते. आपल्याकडेही शाळेच्या रांगेत सर्वांत शेवटी उभ्या असलेल्या ताडमाड मुलाकडे क्रीडाशिक्षकाची नजर प्रथम जाते. पण नजर जाणे वेगळे आणि त्या मुलात खेळाडू आहे की नाही हे ओळखणे वेगळे. १९४० च्या सुमारास अमेरिकेतील बहुतेक प्रशिक्षकांचे मत तर याच्या नेमके उलट होते. हा खेळ मध्यम बांध्याच्या चपळ मुलांचा. फार उंच मुलगा म्हणजे संघाच्या गळ्यातले लोढणे, अशी त्यांची समजूत होती. तेव्हा कीओगन यांनी जे पाहिले ते खरेच होते. त्या दिवशी, त्या मैदानावर, दुखऱ्या पायाने धावणारा मायकन बोजडच होता. चूक झाली ती एका दिवसाचे चित्र कायमचे मानण्यात.

मायकनचा जन्म १८ जून १९२४ रोजी इलिनॉय राज्यातील जोलिएट या गावी झाला. वडील क्रोएशियन वंशाचे, आई लिथुआनियन. कुटुंबाचा खानावळ आणि मद्यालयाचा व्यवसाय होता. बालपणी त्याचा पाय असा मोडला की त्याला सुमारे दीड वर्ष अंथरुणाला खिळून राहावे लागले. ज्या वयात मुले उड्या मारायला, वळायला, तोल सावरायला शिकतात, त्या वयातील एवढा मोठा काळ या मुलाने पडून काढला. हाडे मात्र वाढतच राहिली. त्यात दृष्टी अधू. चष्मेवाला मुलगा खेळाडू कसा होणार, या त्या काळच्या समजुतीपायी शाळेच्या संघातही त्याला जागा टिकवता आली नाही. पाद्री होण्याच्या विचाराने तो काही काळ शिकागोच्या क्विग्ली धर्मशिक्षण विद्यालयात गेला. थोडक्यात, शालेय खेळाडू म्हणून दाखवता येईल असे त्याच्या नावावर जवळजवळ काहीच नव्हते.

जवळजवळ, असे म्हणायचे कारण एवढेच की लहानपणी तो आपल्या जिल्ह्यात गोट्यांच्या खेळात पहिला आला होता, आणि त्या विजयाचे बक्षीस म्हणून बेसबॉलचा सम्राट बेब रूथ याला भेटण्याची संधी त्याला मिळाली होती. चरित्रकार हा प्रसंग गंमत म्हणून सांगतात. मला तो गमतीपलीकडचा वाटतो. गोट्या खेळणाऱ्याच्या बोटांत अंतराचा अंदाज, नेम आणि चिकाटी लागते. पुढे बास्केटजवळ उभा राहून मान न वळवता डाव्या किंवा उजव्या हाताने चेंडू जाळीत सोडणाऱ्या मायकनचा हात जिल्हा जिंकणाऱ्या त्या पोराचाच होता. पण महाविद्यालयीन निवडीच्या तक्त्यात गोट्यांसाठी रकाना नसतो.

नोटर डेमच्या त्या चाचणीच्या वेळी कीओगन यांचे सहायक म्हणून रे मायर नावाचे एक तरुण प्रशिक्षक हजर होते. १९४२ साली शिकागोच्या डीपॉल विद्यापीठाने त्यांना मुख्य प्रशिक्षक नेमले. वय अवघे अठ्ठावीस. मायकन डीपॉलचाच विद्यार्थी. ज्या मुलाला नापास होताना पाहिले होते, तोच आता मायर यांच्या हाती आला. त्याची उंची ६ फूट १० इंच, वजन सुमारे ११० किलो.

मायर यांनी काय पाहिले असावे? पहिली गोष्ट उंचीची. ती शिकवता येत नाही. दुसरी गोष्ट, हा मुलगा नकार पचवून पुन्हा मैदानावर आला होता. तिसरी बाब प्रशिक्षकाच्या स्वतःच्या परिस्थितीची आहे, आणि या कथेत तिची चर्चा फारशी होत नाही. नोटर डेमकडे निवडीला मुले भरपूर होती. एका अवघडलेल्या मुलावर वर्ष खर्च करण्याची त्यांना गरजच नव्हती. नव्याने आलेल्या मायर यांच्यापाशी मात्र वेळ होता आणि गमावण्यासारखे फारसे काही नव्हते. तालमीत नवे पोर आले की जाणता वस्ताद पहिल्या दिवशी त्याचे डाव पाहत नाही. त्याच्या हाडापेराकडे पाहतो आणि मग वर्षभर मेहनत करून घेतो. मायर यांची रीत तीच होती.

आणि मेहनत तरी कशी! दोरीवरच्या उड्या, आरशासमोर हवेत ठोसे मारण्याचा मुष्टियुद्धाचा सराव, पायांत लय यावी म्हणून नृत्याचे धडे. नृत्य शिकविण्यासाठी महाविद्यालयातील एका विद्यार्थिनीची मदत घेण्यात आली. संघातील एका ठेंगण्या आणि अतिशय चपळ खेळाडूला अडविण्याचे काम त्याला दिले जाई, म्हणजे पाय हलवण्यावाचून गत्यंतरच नसे. शिवाय हुक शॉट. यात खेळाडू बास्केटकडे खांदा करून उभा राहतो आणि दूरचा हात कमानीसारखा डोक्यावरून फिरवत चेंडू सोडतो. मध्ये त्याचे स्वतःचे शरीर असल्याने प्रतिस्पर्ध्याचा हात चेंडूपर्यंत पोहोचत नाही. हा फटका मायकनने उजव्या हाताने शेकडो वेळा आणि मग तितक्याच वेळा डाव्या हाताने घोटला.

याच सरावातून एक छोटा व्यायाम जन्मला. बास्केटखाली उभे राहायचे, उजव्या बाजूने उजव्या हाताने चेंडू फळ्यावर टेकवून जाळीत सोडायचा, जमिनीवर पडण्याआधी तो झेलायचा, एक पाऊल डावीकडे टाकून डाव्या हाताने तेच करायचे, आणि असेच न थांबता चालू ठेवायचे. जगभरच्या मैदानांवर तो आज मायकन ड्रिल या नावाने शिकवला जातो.

दोन वर्षांत चित्र पालटले. १९४४, १९४५ आणि १९४६ अशी सलग तीन वर्षे देशातील सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूंच्या यादीत मायकनचे नाव होते. जागतिक युद्धाचे ते दिवस. सैन्यभरतीच्या उंचीच्या मर्यादेपेक्षा तो उंच असल्याने महाविद्यालयातच राहिला. १९४५ च्या राष्ट्रीय निमंत्रितांच्या स्पर्धेत डीपॉलने ऱ्होड आयलंड स्टेटला ९७–५३ असे हरविले. त्या सामन्यात एकट्या मायकनचे गुण ५३ होते, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांच्या संपूर्ण संघाइतके. ती स्पर्धाही डीपॉलनेच जिंकली.

पण त्याच वसंत ऋतूत त्याला त्याच्या तोडीचा माणूस भेटला. ओक्लाहोमा ए अँड एम महाविद्यालयाचा बॉब कर्लंड हा सात फुटी खेळाडू. त्यालाही इतरांनी अवघडलेला म्हणून दुर्लक्षिले होते, आणि हेन्री आयबा या प्रशिक्षकाने धीराने घडविले होते. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये रेड क्रॉसच्या मदतीसाठी दोन विजेत्या संघांचा सामना झाला. मायकन पाच फाउल होऊन लवकरच बाहेर गेला आणि ओक्लाहोमाने ५२–४४ असा विजय मिळविला. एका चाचणीवर मायकनला निकालात काढणे जसे चुकीचे, तसे एका सामन्यावरही. तरी मोठ्या देहाच्या खेळाडूला फाउलचा धोका किती, हे त्या रात्री सर्वांनी पाहिले.

या दोघांनी खेळाचे नियमच बदलायला लावले. तोवर बचाव करणारा खेळाडू रिंगच्या वर हात नेऊन आत पडू पाहणारा चेंडू परतवू शकत असे. मायकन आणि कर्लंड हे इतक्या सहजपणे करू लागले की १९४४–४५ च्या हंगामापासून महाविद्यालयीन खेळात त्यावर बंदी आली. व्यावसायिक खेळात पुढे आणखी एक बदल झाला. बास्केटसमोरील ज्या पट्ट्यात आक्रमक खेळाडूला तीन सेकंदांहून अधिक थांबता येत नाही, तो पट्टा १९५१ साली सहा फुटांवरून बारा फूट रुंद करण्यात आला. कारण उघड होते, मायकनला बास्केटपासून दूर लोटायचे होते.

त्याच्या व्यावसायिक कारकिर्दीचा तपशील येथे थोडक्यात पुरे. शिकागो अमेरिकन गिअर्सबरोबर एक आणि मिनियापोलिस लेकर्सबरोबर सहा, अशी सात अजिंक्यपदे त्याने १९४७ ते १९५४ या काळात मिळविली. हाडे अनेकदा मोडली. १९५१ च्या बाद फेरीत तर तो तडा गेलेल्या पायाने खेळला. मॅडिसन स्क्वेअर गार्डनबाहेरील फलकावर एकदा पाहुण्या संघाचे नाव न लिहिता फक्त मायकनचे नाव आणि यजमान संघाचे नाव झळकले, तेव्हा सहकाऱ्यांनी कपडे बदलायला नकार देऊन, मग तू एकटाच जा असे म्हणत त्याची थट्टा केली होती. २२ नोव्हेंबर १९५० रोजी फोर्ट वेनच्या संघाने चेंडू दाबून धरत लेकर्सला १९–१८ असे हरविले. लेकर्सच्या अठरा गुणांपैकी पंधरा मायकनचे होते. असे कंटाळवाणे डाव थांबावेत म्हणून १९५४ साली चोवीस सेकंदांत फटका मारण्याचा नियम आला. त्यापूर्वीच मायकन निवृत्त झाला होता. १९५६ मध्ये तो काही काळ परतला, पण वेगवान झालेला खेळ त्याचा उरला नव्हता. प्रशिक्षक म्हणूनही तो अपयशी ठरला.

मायकननंतर पारखीचे पारडे दुसऱ्या टोकाला झुकले. कॅन्सास विद्यापीठाचे फॉग ॲलन हे वयोवृद्ध प्रशिक्षक उंच खेळाडूंचे वर्चस्व रोखण्यासाठी रिंग दहा फुटांवरून बारा फुटांवर न्यावी, असा आग्रह वर्षानुवर्षे धरत होते. त्याच ॲलन यांनी १९५५ साली फिलाडेल्फियाच्या ओव्हरब्रुक शाळेतील सात फुटी विल्ट चेंबरलेनला आपल्या विद्यापीठात आणण्यासाठी जिवाचे रान केले. त्या एका शाळकरी मुलामागे दोनशेहून अधिक महाविद्यालये लागली होती. अर्थात चेंबरलेन शाळेतच विलक्षण धावपटू होता. त्याला ओळखण्यासाठी मायरांची नजर लागत नव्हती. अडचण त्याच्यानंतर आलेल्या कितीतरी मुलांची झाली. ज्यांना फक्त इंचांवर निवडले गेले, आणि इंच पुरेनासे झाल्यावर ज्यांच्यावर मेहनत घ्यायला कोणी थांबले नाही. अशा मुलांची नावे नोंदवहीत राहत नाहीत.

मायकनने डीपॉलमधून कायद्याची पदवी घेतली आणि पुढे वकिली केली. १९५९ साली खेळाच्या गौरवसभागृहात पहिल्याच तुकडीत त्याचा समावेश झाला. १९६७ मध्ये अमेरिकन बास्केटबॉल असोसिएशन या नव्या स्पर्धेचा तो पहिला आयुक्त झाला. लाल, पांढऱ्या आणि निळ्या रंगाचा तिचा चेंडू ही त्याचीच कल्पना; दूरवरून पहायला तपकिरी चेंडूपेक्षा तो सोपा जाई, आणि जाड चष्मा वापरणाऱ्या माणसाला हे सुचावे यात नवल नाही.

अखेरची वर्षे कठीण गेली. मधुमेहाने त्याचा एक पाय कापावा लागला, मूत्रपिंडे निकामी होऊन डायलिसिस सुरू झाले. १९६५ पूर्वी निवृत्त झालेल्या खेळाडूंना मिळणारे निवृत्तिवेतन तुटपुंजे होते आणि ते वाढावे यासाठी तो आजारपणातही भांडत राहिला. १ जून २००५ रोजी ॲरिझोनातील स्कॉट्सडेल येथे त्याचे निधन झाले. अंत्यविधीचा खर्च शकील ओ'नील याने उचलला. ओ'नीलही सात फूट एक इंच उंचीचा, आणि मायकनच्याच जागेवर, सेंटर म्हणून, लेकर्सकडून खेळलेला.