बी. रघुनाथ

भगवान रघुनाथ कुलकर्णी ऊर्फ बी. रघुनाथ (जन्म : सातोना, ऑगस्ट १९१३; मृत्यू : परभणी, ७ सप्टेंबर १९५३) हे मराठी कवी, कथाकार, कादंबरीकार आणि ललितलेखक होते. त्यांचे बहुतेक लेखन निजामाच्या हैदराबाद संस्थानात, सरकारी कचेरीतील नोकरी सांभाळून झाले. मराठवाड्यातील सामान्य माणसाचे जिणे आधुनिक मराठी कथा-कादंबरीत आणणाऱ्या पहिल्या महत्त्वाच्या लेखकांत त्यांची गणना होते. अवघे चाळीस वर्षांचे आयुष्य लाभूनही त्यांनी सात कादंबऱ्या, पाच कथासंग्रह, दोन कवितासंग्रह आणि एक ललितलेखसंग्रह एवढे साहित्य मागे ठेवले. त्यांपैकी काही पुस्तके त्यांच्या मृत्यूनंतर प्रकाशित झाली.

जन्म आणि शिक्षण

बी. रघुनाथ यांचा जन्म सातोना या गावी झाला. हे गाव त्या काळी परभणी जिल्ह्यात होते. १९८१ साली जालना जिल्ह्याची निर्मिती झाली, तेव्हा परतूर तालुक्याबरोबर ते नव्या जिल्ह्यात गेले. मनमाडहून हैदराबादकडे जाणारा लोहमार्ग सातोना, सेलू, परभणी, पूर्णा, चुडावा, नांदेड असा गोदावरीच्या खोऱ्यातून जातो. बी. रघुनाथ यांच्या आयुष्यातील तिन्ही मुख्य ठिकाणे, म्हणजे जन्मगाव सातोना, शिक्षणाचे शहर हैदराबाद आणि कर्मभूमी परभणी, याच मार्गावर आहेत.

त्यांचे शालेय शिक्षण हैदराबाद येथे झाले. संस्थानाचा राज्यकारभार उर्दूतून चाले. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. मराठी मुलांना मातृभाषेतून शिकण्याची सोय मोजक्या खासगी शाळांतच होती. हैदराबादची विवेकवर्धिनी ही अशा शाळांपैकी एक असून बी. रघुनाथ तेथील विद्यार्थी होते. मॅट्रिकनंतर त्यांना महाविद्यालयीन शिक्षण घेता आले नाही. मराठी, संस्कृत आणि उर्दू या तिन्ही भाषांतील साहित्याचे संस्कार त्यांच्या लेखनात दिसतात. त्यांतील बराचसा भाग त्यांनी स्वतःच्या वाचनातून मिळविला.

नोकरी आणि लेखनाचा आरंभ

मॅट्रिक झाल्यावर त्यांनी संस्थानाच्या बांधकाम खात्यात कारकुनाची नोकरी पत्करली आणि ती अखेरपर्यंत केली. दीर्घ काळ ते परभणीत होते. आरंभीच्या काही कविता त्यांनी 'फुलारी' या टोपणनावाने लिहिल्या. पुढे रूढ झालेले बी. रघुनाथ हे नाव त्यांच्या स्वतःच्या नावाचे इंग्रजी आद्याक्षर आणि वडिलांचे नाव यांपासून बनले आहे. कुलकर्णी हे आडनाव त्यांनी लेखनात वापरले नाही.

संस्थानातील मराठी वाचक

बी. रघुनाथ यांच्या कार्याचे महत्त्व कळण्यासाठी तत्कालीन परिस्थिती लक्षात घ्यावी लागते. औरंगाबाद, परभणी, बीड, नांदेड आणि उस्मानाबाद हे पाच मराठी जिल्हे संस्थानात होते. येथील जिल्हाधिकाऱ्यास अव्वल तालुकदार म्हणत. कचेरीत फसली सन चाले. संस्थानाचा रुपया 'हाली', तर ब्रिटिश हद्दीतील रुपया 'कलदार' म्हणून ओळखला जाई. सुमारे सात हाली रुपयांस सहा कलदार असा भाव असे. त्यामुळे पुण्या-मुंबईचे पुस्तक मागविताना परभणीच्या वाचकाला छापील किमतीपेक्षा अधिक हाली पैसे मोजावे लागत. सभासंमेलनांवर 'गश्ती निशाण ५३' या फर्मानाचा निर्बंध होता. राजकीय हक्कांची मागणी करणाऱ्या महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन १९३७ साली सातोन्याजवळच्या परतूर येथे भरले, ते अशाच वातावरणात.

या वाचकाच्या हाती येणारी कथा-कादंबरी प्रामुख्याने पुणे-मुंबईच्या मध्यमवर्गाची होती. त्यातील रस्ते, महाविद्यालये, चहापानाच्या बैठका आणि प्रेमप्रकरणे त्याला आवडत असली, तरी आपले गाव, आपली कचेरी आणि आपली बोली त्याला पुस्तकात क्वचितच भेटत असे. बी. रघुनाथ यांच्या पुस्तकांतून ती भेटू लागली. त्यांच्यावर वाचकांनी केलेल्या प्रेमाचे हे पहिले कारण होय.

कविता

'आलाप आणि विलाप' हा त्यांचा पहिला कवितासंग्रह १९४१ साली प्रसिद्ध झाला. त्या काळच्या मराठी कवितेवर भा. रा. तांबे आणि रविकिरण मंडळ यांचा प्रभाव होता. प्रेम, विरह आणि निसर्ग या विषयांची गेय कविता बी. रघुनाथ यांनीही लिहिली. तथापि ते तेथेच थांबले नाहीत. कष्टकऱ्यांचे जीवन, दारिद्र्य आणि परिवर्तनाची आस त्यांच्या पुढील कवितेत येत गेली. 'पुन्हा नभाच्या लाल कडा' हा दुसरा संग्रह १९५५ साली, त्यांच्या निधनानंतर, प्रकाशित झाला. लोकगीतांच्या वळणाची लय आणि विठोबासारख्या घरोघरच्या दैवताभोवती गुंफलेल्या प्रतिमा यांमुळे त्यांच्या काही कविता वाचकांच्या पाठ झाल्या. मराठवाड्यातील दुसरे महत्त्वाचे कवी वा. रा. कांत यांचा जन्मही १९१३ सालचाच. या दोघांमुळे संस्थानातील मराठी कवितेला महाराष्ट्रभर ओळख मिळाली.

कथा आणि कादंबऱ्या

'साकी' हा पहिला कथासंग्रह १९४० साली निघाला. त्यानंतर 'फकिराची कांबळी' (१९४८) आणि 'छागल' (१९५१) हे संग्रह आले. 'आकाश' आणि 'काळी राधा' हे दोन संग्रह मरणोत्तर प्रसिद्ध झाले. 'ओ' ही त्यांची पहिली कादंबरी. पुढे 'हिरवे गुलाब' (१९४३), 'बाबू दडके' (१९४४), 'उत्पात' (१९४५) आणि 'म्हणे लढाई संपली' (१९४६) अशा कादंबऱ्या वर्षागणिक प्रकाशित झाल्या. 'अलकेचा प्रवासी' हा ललितलेखांचा संग्रह १९४५ सालचा आहे.

सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईनंतर हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. 'जगाला कळलं पाहिजे' ही कादंबरी त्याच्या पुढच्याच वर्षी प्रकाशित झाली. 'आडगावचे चौधरी' ही शेवटची कादंबरी लेखकाच्या मृत्यूनंतर, १९५४ साली, वाचकांच्या हाती पडली. ग्रामीण मराठवाडा हे तिचे क्षेत्र आहे.

त्यांच्या कथात्म लेखनात पराक्रमी नायक आढळत नाहीत. तुटपुंज्या पगारात घर चालविणारे नोकरदार, मन मारून जगणाऱ्या स्त्रिया, तालुक्याच्या गावातील लहानमोठी माणसे आणि सत्तेपुढे हतबल झालेले खेडूत ही त्यांची पात्रे होत. लेखक त्यांची थट्टा करीत नाही आणि त्यांना थोरही ठरवीत नाही. ज्या सरकारच्या वेतनावर घर चालत होते, त्याच सरकारच्या अमलाखालील जनतेचे दैन्य लिहिणे हे धाडसाचे काम होते. बी. रघुनाथ यांनी ते प्रचाराचा सूर न लावता केले.

भाषा

त्यांच्या पुस्तकांच्या नावांकडे पाहिले, तरी त्यांच्या भाषेचे वैशिष्ट्य ध्यानात येते. 'साकी' हा शब्द फारसी-उर्दू काव्यपरंपरेतला आहे. 'अलकेचा प्रवासी' या नावातील अलका ही कालिदासाच्या मेघदूतातील यक्षनगरी होय. 'ओ' हा हाकेला दिला जाणारा मराठी घरातला प्रतिसाद आहे. संस्कृत, उर्दू आणि बोली मराठी यांचा असा सहवास मराठवाड्याच्या नित्य बोलण्यात होताच. कचेरीतील आणि बाजारातील उर्दू शब्द परके समजून गाळण्याऐवजी त्यांनी ते मराठी वाक्यात सहज बसविले. येथील वाचकाला ही आपली भाषा वाटली, तर बाहेरच्या वाचकाला ती नवी आणि चवदार वाटली.

वाचकांशी नाते

आपल्या परिसराचे चित्रण एवढेच त्यांच्या लोकप्रियतेचे कारण असते, तर संस्थानाबरोबर त्यांचे साहित्यही विस्मरणात गेले असते. अव्वल तालुकदार, हाली रुपया आणि गश्ती निशाण यांतील काहीही आज उरलेले नाही. तरीही अपुऱ्या मिळकतीत अब्रू राखण्याची धडपड, वरिष्ठांपुढे गिळावा लागणारा अपमान आणि मनातले मनातच राहिल्याची खंत आजच्या वाचकालाही ओळखीची आहे. त्यांच्या लेखनात काही उणिवाही आहेत. काही कथांत भावनेचा अतिरेक होतो, तर काही कादंबऱ्या घाईने आवरल्यासारख्या वाटतात. दिवसभर कचेरीत काम करून उरलेल्या वेळात हे लेखन झाले होते आणि पुनर्लेखनाला आयुष्यही पुरेसे मिळाले नाही, हे येथे लक्षात घेणे उचित ठरते.

मृत्यू आणि स्मृती

७ सप्टेंबर १९५३ रोजी परभणी येथे, नोकरीत असतानाच, बी. रघुनाथ यांचे निधन झाले. त्या वेळी मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता. १९५६ साली तो द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आला. मराठवाडा विद्यापीठाची स्थापना १९५८ सालची. पुढील पिढीच्या लेखकांना मराठीतील उच्च शिक्षण आणि स्वतःच्या भाषेचे राज्य यांचा आधार मिळाला. बी. रघुनाथ यांना यांपैकी काहीच पाहता आले नाही. आपल्या भूमीवर आणि आपल्या बोलीत मोठे साहित्य लिहिता येते, हा विश्वास मात्र त्या पिढीला त्यांच्या पुस्तकांतून आधीच मिळालेला होता.

परभणी शहरातील सभागृहाला त्यांचे नाव देण्यात आले आहे. त्यांच्या स्मृतिदिनी औरंगाबाद (छत्रपती संभाजीनगर) येथे त्यांच्या नावाचा साहित्य पुरस्कार दिला जातो. त्यांचे समग्र साहित्यही ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले आहे. प्रथमच वाचणाऱ्यास 'फकिराची कांबळी'तील कथा आणि 'आडगावचे चौधरी' ही कादंबरी यांपासून आरंभ करता येईल.