विश्वेश्वरय्यांची स्वयंचलित दारे

कळवण तालुक्यात गिरणेवर चणकापूरचे धरण इंग्रज राजवटीत उभे राहिले. त्याच्या कितीतरी आधी, १८८४ मध्ये, पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातून पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झालेला एक तरुण मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात साहाय्यक अभियंता म्हणून नाशिक जिल्ह्यात दाखल झाला होता. तो म्हणजे मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. नाशिकनंतर खानदेशात पांझरेच्या प्रवाहातून नळाचा सायफन नेण्याचे अवघड काम त्यांनी ऐन पावसाळ्यात तडीस नेले.

त्यांची खरी कसोटी लागली ती खडकवासल्याला. धरणाची उंची न वाढवता अधिक पाणी साठवायचे, तर सांडव्यावर दारे हवीत. पण पूर आल्यावर ती वेळेत उघडणार कोण? १९०३ मध्ये त्यांनी बसविलेली दारे प्रतिभाराच्या साहाय्याने, पाणी ठरावीक पातळीवर चढताच आपोआप उघडत आणि उतरताच मिटत. साठ्याची पातळी सुमारे ८ फुटांनी चढली, साठा सुमारे २५ टक्क्यांनी वाढला. या रचनेचे पेटंट त्यांनी घेतले, मात्र सरकारी सेवेत असल्याने मानधन नाकारले.

या रचनेचे मर्म संभाव्यतेच्या हिशेबात आहे. समजा, एक दार अडकण्याची शक्यता दहात एक आहे आणि पूर उतरवायला एक दारही पुरते. मग तीन दारे एकाच वेळी अडकण्याची शक्यता हजारात एक, कारण स्वतंत्र घटनांच्या शक्यतांचा गुणाकार होतो. सारी मदार 'स्वतंत्र' या शब्दावर. तिन्ही दारे उघडणारा रखवालदार एकच असेल आणि तो वेळेवर न पोहोचण्याची शक्यता विसात एक असेल, तर दारे तीन असोत की तीस, धोका विसात एकाच्या खाली येत नाही. विश्वेश्वरय्यांनी ही सामाईक कडीच काढून टाकली, आणि हे श्रेय दारांच्या यंत्ररचनेहूनही मोठे मानावे लागेल.

पुढे हैदराबादची पूरयोजना, म्हैसूरचे मुख्य अभियंतापद, १९१२ ते १९१८ दिवाणपद, कृष्णराजसागर, १९५५ मध्ये भारतरत्न हा प्रवास सर्वश्रुत आहे.

दारे स्वतंत्र करता आली; धरणे मात्र एकाच नदीखोऱ्यात एकामागे एक होती. १२ जुलै १९६१ रोजी वरचे, बांधकाम पुरे न झालेले पानशेत फुटले. जवानांनी वाळूची पोती रचून मिळवलेले काही तास तेवढे हाती आले. त्या लोंढ्यापुढे कितीही दारे उघडली असती तरी अपुरीच पडली असती. खालचे खडकवासला पानशेतचा आधार ठरण्याऐवजी त्याच संकटाचे बळी ठरले आणि पुणे बुडाले. गुणाकाराचा नियम येथे लागूच नव्हता. पहिले फुटल्यावर दुसरे फुटण्याची शक्यता जवळपास खात्रीत बदलली होती.

त्या वेळी विश्वेश्वरय्या बंगळुरूत होते, वय शंभरीच्या आसपास. १४ एप्रिल १९६२ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. १५ सप्टेंबर हा त्यांचा जन्मदिन देशात अभियंता दिन म्हणून पाळला जातो.